फॉरेस्ट्री करायचीय? मग कॉलेज निवडण्याआधी हे बघून घ्या

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. कुणाची पुतणी, कुणाचा भाचा, आणि प्रश्न एकच, "ताई, जंगलात काम करायचंय, कुठलं कॉलेज घेऊ?" फोनवर पंधरा मिनिटांत सगळं सांगून होत नाही आणि निम्मं राहूनच जातं, म्हणून एकदा बसून लिहून काढतेय. मी सांगोल्याकडची, घरी डाळिंब आणि थोडी ज्वारी. मी बारावीनंतर एका खाजगी कॉलेजात "पर्यावरण" असं छान नाव असलेल्या डिग्रीला ॲडमिशन घेतली, माहितीपत्रकावर वाघाचा फोटो होता, आणि वर्षभरात आम्हाला वर्गाबाहेर फक्त एकदा नेलं, तेही गावातल्या बागेत. वर्ष सोडून दिलं, परत सीईटी दिली आणि दापोलीला फॉरेस्ट्रीला लागले. ते वर्ष आणि वडिलांनी भरलेली फी दोन्ही गेलं, परत मिळालं नाही. तुमचं तसं होऊ नये एवढंच.

१. आधी डिग्रीचं नाव नीट समजून घ्या

"निसर्गसंवर्धन" या शब्दाखाली आपल्याकडे बऱ्याच वेगवेगळ्या डिग्र्या येतात आणि पोरं तिथेच गोंधळतात.

बीएससी ऑनर्स फॉरेस्ट्री ही चार वर्षांची, आठ सेमिस्टरची डिग्री, कृषी विद्यापीठातून मिळते. यात झाडं ओळखणं, वनसंवर्धन, झाडांची मोजमापं, कृषिवनीकरण, मृद व जलसंधारण, वन्यजीव, लाकूडशास्त्र, वनकायदे, जीआयएस (म्हणजे संगणकावरचे नकाशे) असं सगळं येतं. बीएससी पर्यावरणशास्त्र ही साध्या विद्यापीठाची डिग्री, तिच्यात प्रदूषण, पाणी-हवा तपासणी, पर्यावरण परिणाम मूल्यांकन याकडे कल जास्त असतो. नुसतं बॉटनी किंवा झूलॉजी घेऊन पुढे एमएससीला वन्यजीव नाहीतर जैवविविधतेकडे वळणारे पण खूप आहेत, आणि तो रस्ता अजिबात कमी नाही, पुण्याच्या गरवारे कॉलेजात एमएससी बायोडायव्हर्सिटी करून चांगलं काम करणारी माणसं मी बघितलीत. ज्यांना पाणलोट, बंधारे, मातीची धूप यात रस आहे त्यांनी कृषी अभियांत्रिकीचं बीटेक बघा, राहुरीला आणि दापोलीला आहे. आणि समुद्र, खाडी, मासे आवडत असतील तर मत्स्यविज्ञान, रत्नागिरीला शिरगावला कॉलेज आहे, नागपूर आणि उदगीरलाही आहे.

इथला सगळ्यात मोठा सापळा सांगते. डेहराडूनचं एफआरआय म्हणजे वन संशोधन संस्था, डेहराडूनचंच वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि भोपाळचं आयआयएफएम म्हणजे वन व्यवस्थापन संस्था, ही नावं ऐकून पोरं बारावीनंतर तिथले फॉर्म शोधत बसतात. एफआरआय आणि वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटला एमएससी होते, आयआयएफएमला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे, पण तिन्हीकडे आधी पदवी लागते. बारावीनंतर तिथे जायचा रस्ता सांगून कुणी एजंट पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

२. चार वर्षांनी काय करायचंय ते कागदावर लिहा

हे नक्की नसलं तरी चालेल, पण लिहा, कारण कॉलेजची निवड यावरून बदलते.

वन विभागात अधिकारी व्हायचं असेल तर एक गोष्ट आजच मनात पक्की करा: फॉरेस्ट्रीची डिग्री घेतली म्हणून वन विभागात थेट नोकरी लागत नाही. महाराष्ट्र वनसेवेत सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल म्हणजे आरएफओ ही पदं एमपीएससीतून भरतात, आणि त्या परीक्षेला सायन्सवाले, इंजिनिअर असे सगळे बसतात. भारतीय वनसेवा यूपीएससीतून, तिलाही बॉटनी, झूलॉजी, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, जिऑलॉजी, शेती, इंजिनिअरिंग हे सगळं चालतं. वनरक्षक व्हायला तर डिग्रीच लागत नाही, बारावीवर भरती होते. मग फॉरेस्ट्री करून फायदा काय? अभ्यास आधीच झालेला असतो आणि काम कशाशी खातात ते कळलेलं असतं. पण स्पर्धा सगळ्यांशीच आहे हे आईवडिलांनाही सांगा, कारण घरी असं समजतात की पोरगी फॉरेस्ट्रीला गेली म्हणजे फॉरेस्ट ऑफिसर झाली.

आणि शारीरिक पात्रता आधीच बघा. भारतीय वनसेवेला मुलांची उंची १६३ सेंटिमीटर आणि मुलींची १५० लागते, अनुसूचित जमातींना सवलत आहे, आणि चार तासात मुलांना २५ आणि मुलींना १४ किलोमीटर चालावं लागतं. आमच्या बॅचमधल्या एकाला तिसऱ्या वर्षी कळलं की आपली उंची दोन सेंटिमीटर कमी पडते, तोपर्यंत त्याने दुसरा कुठलाच विचार केला नव्हता.

वन विभाग सोडूनही कामं आहेत आणि ती वाढतायत. बँकेत कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या परीक्षेला फॉरेस्ट्रीवाले चालतात. पाणलोटाच्या आणि वृक्षलागवडीच्या संस्था, बांबू, रोपवाटिका, कार्बन क्रेडिटचे प्रकल्प (झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे मिळतात ते), संशोधन प्रकल्पातली सहायकाची कामं. गडचिरोलीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क, मिळालेत, मेंढा-लेखा या गावाला तर २००९ मध्येच मिळाले, आणि अशा ग्रामसभांना स्वतःच्या जंगलाचा आराखडा करायला माहितगार माणूस हवा असतो. मला विचाराल तर या डिग्रीचा खरा उपयोग तिथे आहे, पण तिथला पगार बँकेसारखा नसतो हे पण खरं.

३. मान्यता तपासा, आणि स्वतः तपासा

कृषी शिक्षणात आयसीएआरची मान्यता बघायची, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची. विद्यापीठ, कॉलेज आणि तो अभ्यासक्रम, तिन्ही मान्यताप्राप्त आहेत का ते आयसीएआरच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधायचं, कॉलेजच्या फ्लेक्सवर नाही. फ्लेक्सवर "आयसीएआर अभ्यासक्रमानुसार" असं लिहिलेलं असतं. अभ्यासक्रम कुणीही उचलून वापरू शकतो, मान्यता वेगळी गोष्ट. मान्यता नसलेल्या कॉलेजातून डिग्री घेतली तर पुढे एमएससीला आयसीएआरच्या कोट्यातून जाताना अडतं, आणि हे चौथ्या वर्षी कळून काही उपयोग नसतो.

साध्या विद्यापीठाचं पर्यावरणशास्त्र घेत असाल तर यूजीसीची मान्यता आणि नॅकची श्रेणी बघा. आणि डिग्री सर्टिफिकेटवर नेमकं काय नाव छापून येतं ते विचारा. भरतीच्या जाहिरातीत पदवीचं नाव अक्षरशः जुळवून बघतात.

४. कॉलेजं कुठे कुठे आहेत

महाराष्ट्रात फॉरेस्ट्रीसाठी नावं दोनच घ्यायची, दापोली आणि अकोला. दापोलीचं कॉलेज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. दोन्ही सरकारी विद्यापीठं, १९७२ आणि १९६९ सालची.

पण दोन्हीकडचं जंगल पूर्ण वेगळं आहे आणि हे कुणी सांगत नाही. दापोलीला धो धो पाऊस, जांभा दगड, साग, ऐन, किंजळ, खैर, काजू, देवराया, आणि हाकेच्या अंतरावर समुद्र, वेळासला आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे, म्हणजे लोकांशी बोलल्याशिवाय तिथे काही होत नाही, आणि हे शिकायला मिळणं मोठी गोष्ट आहे. अकोल्याला ऊन कडक, पाऊस कमी, कोरडं पानझडी जंगल, साग, सालई, धावडा, आणि वर मेळघाट. वाघ आणि मोठं जंगल बघायचं असेल, कोरडवाहू शेतीतल्या झाडांवर काम करायचं असेल तर अकोला मला जास्त बरं वाटतं. मी स्वतः दुष्काळी भागातली, आज विचार करते तर माझ्या गावाला उपयोगी पडणारं शिक्षण कदाचित अकोल्याला जास्त मिळालं असतं, पण तेव्हा मी फक्त "कोकण छान आहे" एवढंच बघितलं.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर कर्नाटकात शिरसी आणि कोडगूतलं पोन्नमपेट, गुजरातेत नवसारी, तामिळनाडूत मेट्टुपाळयम, केरळात त्रिशूर, हिमाचलात सोलनजवळ नौणी, तेलंगणात मुलुगू. कोल्हापूर-सिंधुदुर्गवाल्यांना शिरसी फार लांब नाही आणि पश्चिम घाट तोच. नौणीला हिमालयातली झाडं शिकाल, देवदार आणि चीड, ते आपल्याकडे नाहीत, पण भारतीय वनसेवेत जायचं असेल तर फायदाच.

५. प्रवेशाचे दोन दरवाजे, दोन्ही उघडे ठेवा

पहिला दरवाजा एमएचटी-सीईटी. पीसीएम किंवा पीसीबी, कुठलाही ग्रुप चालतो. सीईटी झाली की सीईटी सेलच्या कृषी पदव्यांसाठीच्या कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, वेगळं रजिस्ट्रेशन करायचं. परत वाचा, वेगळं. इंजिनिअरिंगच्या कॅपचा फॉर्म भरला म्हणजे शेतीचा पण भरला गेला असं होत नाही, यात दरवर्षी पोरं अडकतात. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्यावरून जादा गुण मिळतात का, किती आणि सातबारा कुणाच्या नावावर हवा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं, मागच्या वर्षीच्या पोरांचं ऐकून नाही.

दुसरा दरवाजा सीयूईटी, म्हणजे देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा. राज्यांच्या कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के जागा आयसीएआरमार्फत देशभरातल्या मुलांना मिळतात, आणि बाहेरच्या राज्यात जायचा हाच सरळ रस्ता. इथे दोन चुका होतात. एक, सीयूईटीचा फॉर्म भरताना विषय चुकीचे निवडणं. आयसीएआरला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा मॅथ्स असा ठरलेला संच लागतो, नुसतं इंग्लिश आणि जनरल टेस्ट देऊन चालत नाही. दुसरी चूक, सीयूईटी दिली की झालं असं समजणं. आयसीएआरचं काउन्सेलिंग रजिस्ट्रेशन पुन्हा वेगळं असतं. या मार्गाने दुसऱ्या राज्यात गेलात तर आयसीएआरची नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप मिळू शकते, ती पण विचारा.

दोन्ही परीक्षांचे फॉर्म साधारण बारावीच्या बोर्डाच्या आधी किंवा बोर्ड चालू असतानाच सुटतात. निकालानंतर जागे झालात तर सीयूईटीच्या फॉर्मची मुदत गेलेली असते.

६. कागदपत्रं

यादी सगळीकडे मिळते, तरी देते:

- दहावी-बारावीचे मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला
- सीईटी आणि सीयूईटीचं स्कोअरकार्ड
- डोमिसाइल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेयर, किंवा ईडब्ल्यूएस असेल तर तो दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- सातबारा, लागू असेल तर
- आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

जात वैधता अकरावीतच टाका. बारावीनंतर टाकली की समितीकडे गर्दी असते आणि पोरं हातात पावती घेऊन हिंडतात. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या वर्षी काढलेला दाखला जूनमध्ये कामाचा राहिलेला नाही असं होऊ शकतं, तारीख बघा. माझ्या मामेभावाचं हेच झालं, दाखला होता पण मुदत संपलेली, नवीन निघेपर्यंत पहिला राउंड खुल्या प्रवर्गातून खेळावा लागला आणि अकोला थोडक्यात हुकलं. दुसऱ्या राउंडला मिळालं, पण ते आठ दिवस मामी नीट जेवली नाही.

आणि ओबीसींनी आयसीएआरसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढायचा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. एसईबीसी तर फक्त राज्यापुरतं आहे.

७. कॉलेज बघायला जा, आणि आधी रोपवाटिकेत जा

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हेच मी पहिल्यांदा केलं नव्हतं.

शक्य असेल तर पावसाळ्यात जा. ऑफिसमध्ये शिरायच्या आधी विचारा, नर्सरी कुठंय? तिथे गेलात की सगळं कळतं. वाफ्यांवर पाट्या आहेत का, पाटीवर झाडाचं नाव आणि बी पेरल्याची तारीख आहे का, रोपं पिशव्यांतून मुळं बाहेर काढून जमिनीत घुसलीत की वेळेवर हलवलेली आहेत. काम करणाऱ्या मावशींना विचारा, पोरं इथे येतात का? त्या खोटं बोलत नाहीत. दापोलीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन मुली उकिडव्या बसून रूट ट्रेनरमधून, म्हणजे रोपं वाढवायच्या प्लास्टिकच्या कप्प्यांतून, खैराची रोपं काढून मुळं धूत होत्या, एका वर्तमानपत्रावर मुळं पसरून पट्टीने लांबी मोजत होत्या, एक सांगायची आणि दुसरी लिहायची, नखात माती, ओढणी कमरेला खोचलेली. माझं तिथेच ठरलं.

मग प्रयोगशाळेत जा. झाडाची उंची मोजायचं उपकरण दाखवा म्हणा, आणि खोडातून बारीक नळीसारखा नमुना काढायचा बोअरर असतो तो. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधण्यात अर्धा तास गेला तर समजा उपकरण कुणी वापरत नाही. वाळवलेल्या पानांचा संग्रह म्हणजे हर्बेरियम बघा, शेवटचा नमुना कुठल्या सालचा आहे ते चिठ्ठीवर असतं. दहा वर्षांपूर्वीचा असेल तर दहा वर्षं कुणी काही गोळा केलेलं नाही.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना गाठा, सरांसमोर नको, टपरीवर. त्यांना हे विचारा:

- मागच्या सेमिस्टरला जंगलात किती दिवस गेलात, आणि रात्री मुक्काम किती?
- चौथ्या वर्षाचं वन कार्यानुभवाचं सेमिस्टर, ज्यात गावात आणि वन विभागाबरोबर काम असतं, ते खरंच होतं की रिपोर्ट कॉपी करतात?
- अभ्यास सहलीला कुठे नेलं?
- कायमचे प्राध्यापक किती आणि तासावरचे किती?
- मागच्या बॅचमधली पोरं आज काय करतायत, नावानिशी.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे पण विचारा: होस्टेल सगळ्यांना मिळतं का, की पहिल्या वर्षी बाहेर खोली घ्यावी लागते, टूरला मॅडम बरोबर असतात का, फील्डवर बाथरूमची सोय काय. यात लाजायचं काही नाही. माझ्या आईने हे प्रश्न विचारले तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं होतं, नंतर चार वर्षं त्या उत्तरांचाच उपयोग झाला.

जायला जमत नसेल तर कुणाकडून तरी तिथल्या एका विद्यार्थ्याचा नंबर मिळवा आणि व्हिडिओ कॉलवर नर्सरी दाखव म्हणा.

८. पैशाचं

सरकारी कृषी विद्यापीठांची फी खाजगीच्या मानाने कमी असते, खर्च होतो तो राहण्या-खाण्याचा आणि टूरचा. टूरचा खर्च आधी विचारून ठेवा, तो एकदम येतो. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन योजना शोधा. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटात, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अट अशी की ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून "लवकर सीट पक्की करा" म्हणून कुणी घाई लावली तर हे लक्षात ठेवा.

९. पसंतीक्रम भरताना

"मला मिळेल का" असा विचार करून क्रम लावू नका, "मला काय हवंय" त्या क्रमाने लावा. वरचं नाही मिळालं तर मशीन आपोआप खालचं बघतं, वर टाकल्याने खालचं जात नाही. मात्र ज्या कॉलेजला जायचंच नाही ते यादीत "असू दे" म्हणून टाकू नका, तेच मिळालं तर अडकाल. जागा मिळाल्यावर थांबायचं की पुढच्या राउंडला जायचं, याचे नियम बदलत असतात, त्या वर्षीच्या पुस्तिकेचं ते एक पान प्रिंट काढून घरात भिंतीला लावा. आणि फॉर्म नेट कॅफेवाल्याला भरू दिलात तरी पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल स्वतःचाच ठेवा.

१०. ॲडमिशन झाली, आता काय आणायचं

पाच मीटरची कापडी टेप, जाड पुठ्ठ्याची छोटी वही, आणि पेन्सिली. पेन नको, कोकणातल्या पावसात शाई पसरते आणि सगळी मोजमापं जातात, पहिल्याच फील्डला माझ्या वहीची दोन पानं निळी झाली होती. पायात पूर्ण बूट, हाफ पँट नाही. शिकवणं सगळं इंग्रजीत असतं, मराठी मीडियमवाल्यांनी घाबरू नका, पहिले दोन महिने जड जातात, मग झाडांची लॅटिन नावं सगळ्यांनाच सारखी नवीन असतात, तिथे कॉन्व्हेंटवाला पण आपल्याएवढाच अडखळतो.

ॲडमिशन आणि कॉलेज सुरू होणं यात काही आठवडे मिळतील. तेवढ्यात आपल्या शिवारातली वीस झाडं निवडा, आजीला नाहीतर गुराख्याला नावं विचारा, आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, टेप गुंडाळून प्रत्येकाचा घेर लिहा. सालीवरून हात फिरवून बघा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोन चौकोन भेगाळलेली असते, हे मला पुस्तकाने सांगितलं होतं पण बोटांना कळलं ते पहिल्या फील्डला, तोपर्यंत मी ऐन आणि किंजळ यात सारखी चुकत होते. ती वही घेऊनच कॉलेजला जा, पहिल्या मोजमापाच्या तासाला तिचा उपयोग होईल.